पावसाळ्यातला एर्गो: स्लाइड लावायची की नाही?

पत्र:

ताई, मी नाशिकची, वय २०. दोन वर्षं रोइंग करते, डबल स्कलमध्ये (दोघींची बोट, प्रत्येकीकडे दोन वल्ही) बो सीटला, म्हणजे बोटीच्या नाकाकडच्या जागी, बसते. वजन ६२ किलो. गोदावरीला पाणी चढलं की आमच्या बोटी रॅकवर जातात आणि सगळा सराव हॉलमध्ये, एर्गोवर, म्हणजे रोइंगच्या मशीनवर. क्लबमध्ये चार मशिनं आहेत, आणि यंदा कुणीतरी दोन स्लाइड भेट दिल्यात (या मशीनच्या पायांखाली ठेवल्या की मशीन पुढे-मागे सरकतं). सर म्हणतात, ट्रायल साध्या मशीनवर होणार, स्लाइडने सवय बिघडते, हात लावू नका. पुण्याला कॅम्प करून आलेला एक सीनियर दादा म्हणतो, खरं रोइंग स्लाइडवरच होतं, साधं मशीन कंबर मोडतं. मी दोन्हीवर २००० मीटर काढून बघितले. साध्यावर ८:००, स्लाइडवर ७:५३. मग मी सात सेकंदांनी फास्ट झाले का? साध्या मशीनवर तासभर बसले की कंबर धरते. डॅम्पर (पंख्यातल्या हवेचं झाकण) ८ वर ठेवते. ट्रायलला दहा आठवडे आहेत. कुणाचं ऐकू?

उत्तर:

लांबचा, सावकाश सराव स्लाइडवर कर. कस लावून काढायचे तुकडे आणि टेस्ट साध्या मशीनवर कर. आणि दोन्हीचे आकडे एकमेकांशी कधीही ताडून बघू नकोस. हे झालं थोडक्यात उत्तर. पण तेवढंच सांगून थांबले तर उद्या हॉलमध्ये सरांनी ‘का?’ विचारल्यावर तुझ्याकडे काही नसेल, म्हणून जरा खोलात जाऊ.

तुझ्या सरांच्या आणि त्या दादाच्या बोलण्यात तथ्य आहे. दोघं वेगवेगळ्या गोष्टीची काळजी करतायत, एवढंच. सरांना तुझा ट्रायलचा आकडा दिसतोय, दादाला तुझी बोट आणि तुझी कंबर.

साधं एर्गो जमिनीवर घट्ट बसलेलं असतं. फूटप्लेटवर पाय रोवून तू रेटलंस की मशीन जागचं हलत नाही, तू मागे जातेस. भिंतीला पाय लावून ढकललं तर आपण मागे सरकतो आणि हातगाडीला लावून ढकललं तर गाडी पळते, तसाच प्रकार आहे. साध्या मशीनवर तुझं जवळजवळ सगळं अंग मागे जातं, फिनिशला (ओढ संपते तिथे) थांबतं, पुढे येतं, कॅचला (पुढची ओढ सुरू होते तिथे) पुन्हा थांबतं. रेट, म्हणजे मिनिटाचे स्ट्रोक, ३२ असेल तर मिनिटाला ६४ वेळा हे थांबणं आलं. आठ मिनिटांच्या २००० मीटरमध्ये पाचशेच्या वर. दर वेळी अंगाला वेग द्यायचा आणि मग तो वेग मारायचा, यात कष्ट जातात आणि ते मॉनिटरवर कुठेच दिसत नाहीत. मॉनिटर बघतो फक्त पंख्याच्या चाकाकडे. ओढताना ते किती वेग घेतं आणि तू पुढे येत असताना किती मंदावतं, यावरून तो वॉट आणि स्प्लिट (५०० मीटरला लागणारा वेळ) काढतो. तू अंग किती फेकलंस, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पाण्यावर गोष्ट वेगळी असते. तुझी डबल स्कल नियमाप्रमाणे कमीत कमी २७ किलोची, म्हणजे माणशी साडेतेरा. सिंगल १४ किलोची, चौघांची क्वाड्रपल ५२ किलोची. आपल्या चांदवडकडचा दत्तू भोकनळ २०१८ च्या एशियन गेम्समध्ये ज्या क्वाडमधून सुवर्ण घेऊन आला, त्या प्रकारच्या बोटीचं वजन माणशी जेमतेम १३ किलो पडतं. इतक्या हलक्या वस्तूवर पाय रोवून ६२ किलोचा माणूस रेटतो, तेव्हा माणसाच्या मानाने वस्तूच जास्त हलते. रिकव्हरीत, म्हणजे ओढ संपवून परत येताना, तुला वाटतं आपण सीटवरून पुढे येतोय. प्रत्यक्षात बरंचसं बोटच तुझ्या खाली सरकून येत असते. तिला घाईने ओढून आणलीस तर ती अडखळते. बोटीबरोबर शांतपणे आलीस तर पळत राहते. डबलमध्ये तुझ्या पुढे बसलेल्या मुलीला हे बोलून सांगावं लागत नाही, तिला ते पायाखाली कळतं.

स्लाइडवर मशीन या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतं. क्लबांमध्ये बहुतेक ठिकाणी असतं ते कॉन्सेप्ट टूचं मॉडेल डी साधारण २६ किलोचं आहे. त्याचे पुढचे आणि मागचे पाय स्लाइडच्या चाकांवर बसले की आता तू आणि मशीन, दोघंही सरकता. ढोबळ हिशेब कर. तू ६२, मशीन २६, मिळून ८८. सीट आणि फूटप्लेट यांच्यातलं अंतर जेवढं बदलतं, त्यातला साधारण तीस टक्के भाग तुझ्या वाट्याला येतो, सत्तर टक्के मशीनच्या. मांड्या-पोटऱ्या, हात, साखळी यांची हालचाल मी यात धरलेली नाही, त्यामुळे हा काही प्रयोगशाळेतला आकडा नव्हे. पण चित्र खरं आहे. अंग हलवण्यात वाया जाणारी ऊर्जासुद्धा त्याच प्रमाणात, तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येते. तुझ्या डबलमध्ये ती आणखी कमी असते, कारण साडेतेरा म्हणजे २६ च्या निम्मं. म्हणून दादा म्हणतो तसं ‘खरं रोइंग’ स्लाइडवर होत नाही. साध्या मशीनपेक्षा ते पाण्याच्या बरंच जवळ जातं, इतकंच म्हणता येईल.

आता तुझे सात सेकंद. ८:०० म्हणजे ५०० मीटरला २:०० चा स्प्लिट, म्हणजे सुमारे २०२ वॉट. ७:५३ म्हणजे १:५८ च्या थोडा वर, सुमारे २१२ वॉट. कागदावर दहा वॉटच्या आसपास वाढ झाली. तुझं इंजिन तितकं मोठं झालं का? नाही. तू आधी जे कष्ट स्वतःला पुढे-मागे नेण्यात घालवत होतीस, त्यातले काही आता चाकापर्यंत पोहोचले. तुझा रेटही स्लाइडवर दोन-तीनने चढला असणार, तू लिहिलेलं नाहीस, पण मॉनिटरच्या मेमरीत जाऊन बघ. डेन्मार्कमध्ये संशोधकांनी दोन्ही प्रकारांची तुलना केली तेव्हा हेच दिसलं: स्लाइडवर हँडलवरचा सर्वांत मोठा झटका कमी आणि रेट जास्त. रेट जेवढा वर, तेवढा दोन्हीतला फरक मोठा. १८ च्या रेटने सावकाश केलंस तर दोन मशिनांमध्ये फारसा फरक उरणार नाही, करून बघ.

त्यामुळे ७:५३ हा आकडा खोटा नाही, पण तो स्लाइडचा आकडा आहे. ट्रायलच्या फॉर्मवर तो लिहायचा नाही आणि कुणाला सांगितलास तर ‘स्लाइडवर’ हे सोबत सांगायचं. इनडोअर रोइंगच्या स्पर्धा आणि निवडीच्या टेस्ट साध्या, जमिनीवरच्या मशीनवर होतात, आणि ते योग्यच आहे. सगळ्यांना एकच मोजपट्टी हवी. सर हेच सांगतायत, आणि या मुद्द्यावर त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट मात्र सात सेकंदांची नाही. ‘तासभर बसले की कंबर धरते’ हे वाक्य तू जाता जाता लिहिलंस. रोवर्सना होणाऱ्या दुखापतींमध्ये कंबर सगळ्यात वर आहे. आयर्लंडच्या आंतरराष्ट्रीय रोवर्सवर वर्षभर लक्ष ठेवून झालेल्या अभ्यासात, दुखापतीशी सगळ्यात ठळक संबंध निघाला तो एर्गोवर काढलेल्या वेळाचा. बोटीपेक्षा एर्गोचा. कारण समजण्यासारखं आहे. बोटीत वळायचं असतं, थांबायचं असतं, पाणी प्यायचं असतं, कोच ओरडत असतो. एर्गोवर माणूस तासभर एकाच रेषेत वाकतो आणि उलगडतो. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला कमरेचे, पोटाचे स्नायू थकतात, मग मांडीच्या खोबणीतून वाकण्याऐवजी कणा कमानीसारखा वाकायला लागतो. कॅचला तू अजून दोन इंच पुढे पोहोचायचा प्रयत्न करतेस, नडग्या उभ्या रेषेच्या पलीकडे जातात, आणि नेमक्या त्याच क्षणी सगळं अंग थांबवून उलटं फिरवायचा भार कमरेवर येतो. साध्या मशीनवर हा भार जास्त. स्लाइडवर कमी, कारण मशीन तुझ्याकडे येतं आणि वळण मऊ होतं.

पण ‘स्लाइड लावली, कंबर बरी झाली’ असं होत नाही. वाकण्याची पद्धत चुकीची असेल तर स्लाइडवर ती चूक जरा उशिरा दुखेल. म्हणून आधी मैत्रिणीला बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांग. पहिल्या मिनिटाचा आणि चाळिसाव्या मिनिटाचा. दोन्हीत कॅचला तुझ्या पाठीचा आकार बघ. चाळिसाव्यात कंबर गोल झालेली दिसली तर तुझा तास सलग असायलाच नको. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे कर, मध्ये उठ, दोन मिनिटं चाल, मागे थोडी वाक. सहनशक्तीसाठी हा सराव सलग तासाइतकाच कामाचा आहे, त्यात काही कमी पडत नाही. आणि जर कंबरदुखी पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा खोकताना कळ येत असेल, तर एर्गो बंद आणि या आठवड्यात फिजिओ किंवा अस्थिरोगतज्ज्ञ. लघवी-शौचावरचा ताबा बिघडला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर थेट हॉस्पिटल. ट्रायल पुढच्या वर्षीही असते.

डॅम्पर ८ वर का? कारण जड वाटतं म्हणजे व्यायाम चांगला होतो, असं हॉलमधल्या सगळ्यांना वाटतं. डॅम्पर म्हणजे फक्त पंख्यात हवा किती शिरू द्यायची त्याचं झाकण. खरा आकडा ड्रॅग फॅक्टर. मॉनिटरच्या मेनूत जाऊन तो दाखवायला सांग आणि दहा स्ट्रोक मार. तुझ्या वजनाच्या मुलीला ११० च्या आसपास पुरतो, ११५ म्हण फार तर. त्यासाठी नव्या, स्वच्छ मशीनवर डॅम्पर तीन-चारवर असेल. तुमच्या मशीनच्या जाळीत धूळ आणि केस भरलेले असतील तर पाचवर न्यावा लागेल. (जाळी व्हॅक्यूमने साफ करा. कुणीच करत नाही.) ८ वर तू जड, संथ बोट ओढल्यासारखी ओढतेस, आणि प्रत्येक कॅचला ती कमरेतून उचलतेस. दुखण्याचं अर्धं कारण मला तिथेच दिसतंय. साध्या मशीनवर आणि स्लाइडवर ड्रॅग फॅक्टर सारखाच ठेव.

सरांची दुसरी काळजी, स्लाइडने सवय बिघडते ही, उडवून लावण्यासारखी नाही. कॅचला भार कमी लागतो म्हणून मुलं स्लाइडवर आखूड स्ट्रोक मारायला लागतात. रेट ३४, ३६, मशीन भरभर पुढे-मागे, बघायला झकास. पण पाय पूर्ण जोरात कधी लागलेच नाहीत. असं सहा आठवडे केल्यावर साध्या मशीनवर बसलं की ते मशीन एकदम शिळेसारखं वाटतं आणि पहिल्या ५०० मीटरमध्येच दम जातो. यावर उपाय म्हणजे स्लाइडवर रेटला वेसण घालणे. लांबच्या सरावात १८ ते २०, त्याच्या वर नाही. स्ट्रोक पूर्ण लांब. आणि दर स्ट्रोकला मॉनिटरवर जोराचा आलेख बघ, तो सुरुवातीपासून भरीव यायला हवा. मागून कुबड आलं म्हणजे पाय उशिरा लागतायत आणि हात-पाठ भरपाई करतायत.

स्लाइड आणखी एक गोष्ट सांगते, जी साधं मशीन कधीच सांगत नाही. तू घाई केलीस तर मशीन सरकत सरकत एका टोकाला जाऊन धडकतं. खट् असा आवाज येतो. स्लाइडमध्ये मशीनला मध्यभागी आणणारी रबरी दोरी असते, पण घाईपुढे ती पुरत नाही. तो खट् आवाज आला की आधी फरशी समपातळीत आहे का बघ. हॉलमध्ये उतार असतोच, धुण्याचं पाणी जावं म्हणून. फरशी ठीक असेल तर दोष तुझ्या रिकव्हरीत आहे. हात आधी सोड, मग धड पुढे आण, मग गुडघे, आणि शेवटचा भाग पहिल्यापेक्षा संथ. पाय मशीनला स्वतःकडे येऊ देतात, ओढून आणत नाहीत. हे जमलं की मशीन मधल्या मध्ये झुलत राहतं आणि आवाज फक्त पंख्याचा येतो.

साध्या मशीनवर हीच शिस्त लावायची असेल तर पायाचे पट्टे सोडून दहा-पंधरा मिनिटं कर. फिनिशला जास्त मागे झुकलीस किंवा पायांनी स्वतःला ओढत परत आलीस तर टाच सुटून पाय निघेल. चार मशिनांत एकाच मशीनला स्लाइड लागणार, त्यामुळे ज्यांचा नंबर लागणार नाही त्यांनी हे करावं.

आता दहा आठवड्यांचं. आठवड्याला सहा सत्रं धरते. पहिले सहा-सात आठवडे चार सत्रं लांबची, त्यातली शक्य तेवढी स्लाइडवर. दोन सत्रं कस लावायची, साध्या मशीनवर. उदाहरणार्थ ५०० मीटरचे सहा तुकडे, मध्ये तीन-तीन मिनिटं विश्रांती, किंवा १००० चे चार. शेवटच्या तीन आठवड्यांत जवळजवळ सगळी कामं साध्या मशीनवरच, कारण आता अंगाला त्याच वजनाची, त्याच तालाची ओळख हवी. साध्यावर २८-३० च्या रेटला जो स्प्लिट पडतो, तो स्लाइडवर ३२ ला पडेल, आणि ट्रायलच्या दिवशी तुला पहिला ताल हवा आहे. स्लाइड तेव्हा फक्त वॉर्मअपला आणि सुट्टीच्या आदल्या दिवशीच्या हलक्या सत्राला. मधे, चौथ्या आणि सातव्या आठवड्यात, साध्या मशीनवर २००० किंवा निदान १००० ची टेस्ट काढ. वहीत दोन रकाने कर, एक साध्याचा, एक स्लाइडचा, आणि रेट दोन्हीकडे लिही. तुझा आकडा ८:०० वरून हलतो का, ते फक्त पहिल्या रकान्यावरून ठरवायचं. ७:५५ ला ते २०९ वॉट होतात. २०२ वरून सात वॉट ही दहा आठवड्यांसाठी गाठता येण्यासारखी वाढ आहे. कंबर गप्प राहिली तर.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. तू डबलला बसतेस. एका मशीनला दोन स्लाइड लागतात, पण दोन मशिनं एकामागोमाग जोडायची तर चार लागत नाहीत, तीनच पुरतात. मधल्या स्लाइडवर पुढच्या मशीनचे मागचे पाय आणि मागच्या मशीनचे पुढचे पाय बसतात. क्लबकडे दोन आहेत, एकच कमी पडतेय. ती आली की तू आणि तुझी जोडीदारीण एकमेकींना बांधल्यासारख्या होता. तू घाईने पुढे आलीस तर तिच्या पायाखालचं मशीन ओढलं जातं, तिने कॅचला अर्धा क्षण उशीर केला तर तुला जाणवतं. नदी उतरेपर्यंत तुम्हाला एका बोटीतला ताल हॉलमध्ये मिळवता येईल, जो चार सुट्या मशिनांवर शेजारी-शेजारी बसून कधीच मिळत नाही. पाण्याला पर्याय म्हणून तर हे मशीन जन्माला आलं. अमेरिकेत व्हरमाँटच्या ड्रेसिगाकर बंधूंनी १९८१ मध्ये कॉन्सेप्ट टूचं पहिलं मॉडेल काढलं, त्यात पंख्याच्या जागी सायकलचं चाक होतं. तिकडे हिवाळ्यात नदी गोठते म्हणून सराव बंद, आपल्याकडे गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं म्हणून.

सरांकडे जाताना ‘दादा बरोबर आहे’ असं म्हणत जाऊ नकोस. म्हण, ‘सर, टेस्ट आणि इंटर्व्हल साध्या मशीनवरच करते. लांबचं स्लाइडवर करू द्या, कंबर धरते. आणि चौथ्या आठवड्यात साध्यावर १००० काढून दाखवते.’ सोबत ते दोन्ही व्हिडिओ दाखव. चाळिसाव्या मिनिटाची पाठ बघून कुठलाही कोच दुसरं काही बोलणार नाही. तिसऱ्या स्लाइडचं मात्र आधीच काढ. ती मागवून यायला वेळ लागतो, आणि सप्टेंबरात पाणी उतरल्यावर तिची कुणाला आठवण राहणार नाही.